आधी लाट, मग यंत्र: लाटांपासून वीज या विषयात नव्या संशोधकाला पहिल्या वर्षात कसं तयार करायचं

पीएचडीला किंवा प्रोजेक्टवर नवीन जॉइन झालेलं पोर पहिल्या आठवड्यात बहुतेक वेळा एक चित्र घेऊन येतं. तरंगणारा डबा, त्याला दांडा, दांड्याला गिअर, वर जनरेटर, आणि "मॅडम, हे असं केलं तर किती वीज मिळेल?" हा प्रश्न. मी चित्र नीट बघते, त्यावर तारीख टाकायला लावते आणि फाईलला लावून ठेवते. पोर जरा हिरमुसतं, ते मला दिसतं. पण माझं मत आता पक्कं झालंय, या विषयात यंत्रापासून सुरुवात केली की माणूस पुढची दोन वर्षं त्या यंत्राची वकिली करत बसतो आणि समुद्र काय सांगतोय ते त्याला ऐकूच येत नाही.

म्हणून पहिल्या बारा महिन्यांत काय करायचं, कुठल्या क्रमाने करायचं, ते इथे सविस्तर लिहितेय. गाईड लोकांसाठीही आहे आणि स्वतः शिकणाऱ्यांसाठीही, कारण बऱ्याच कॉलेजात या विषयाचा गाईड मिळतच नाही आणि पोरांना एकट्यानेच वाट काढावी लागते.

या विषयाला वेगळं ट्रेनिंग का लागतं

पवनचक्की बघा, तीन पाती आणि एक मनोरा, जगात कुठेही जा साधारण तेच. लाटांच्या विजेचं अजून तसं झालेलं नाही. एडिनबराच्या स्टीफन सॉल्टर यांनी १९७४ मध्ये आपल्या 'डक'ची, म्हणजे लाटेवर डोलणाऱ्या यंत्राची, कल्पना मांडली, जपानमध्ये योशिओ मासुदा यांनी त्याच्याही आधीपासून लाटेवर चालणारे दिव्याचे तरंगते बोये बनवले होते, आणि तरीही आज कोणी आडवा साप बनवतंय, कोणी उभा तरंगणारा बोया, कोणी किनाऱ्याला काँक्रीटची खोली. पेलामिस या स्कॉटलंडच्या कंपनीच्या यंत्राने २००४ मध्ये ऑर्कनी बेटांजवळून ग्रिडला वीज दिली, २००८ मध्ये पोर्तुगालच्या किनाऱ्यापाशी तीन यंत्रं लागली, आणि २०१४ मध्ये कंपनी बुडाली. तिचं ज्ञान वाया जाऊ नये म्हणून स्कॉटलंडच्या सरकारने वेव्ह एनर्जी स्कॉटलंड नावाची संस्था काढून पेलामिसचे हक्क विकत घेतले. पण कागद विकत घेता येतात, हाताला लागलेली सवय कशी विकत घेणार? ती माणसांबरोबर दुसऱ्या धंद्यात निघून जाते. म्हणून या क्षेत्रात माणसं तयार करणं म्हणजे ज्ञान टिकवणं, हे मी अगदी मनापासून म्हणते.

युरोपने हे ओळखून मारी क्युरी योजनेतून 'वेव्हट्रेन' आणि नंतर 'वेव्हट्रेन २' अशी दोन ट्रेनिंग नेटवर्क चालवली. त्यातली घेण्यासारखी कल्पना साधी आहे, तरुण संशोधकाला एका देशातून दुसऱ्या देशात, विद्यापीठातून कंपनीत आणि कंपनीतून चालू प्लँटवर पाठवायचं, म्हणजे त्याला लाटेपासून वायरपर्यंत सगळी साखळी एकदा तरी डोळ्याने दिसते. आपल्याकडे सिव्हिलचं पोर लाट शिकतं, मेकॅनिकलचं पोर टर्बाइन शिकतं, इलेक्ट्रिकलचं पोर कन्व्हर्टर शिकतं, आणि तिघांनाही एकमेकांच्या भागाची भीती वाटते. पहिलं वर्ष ही भीती घालवायचं. पुढे हवं तेवढं खोल जाऊ दे, पण आधी पूर्ण साखळी, छोटी का होईना, स्वतःच्या हाताने.

पहिली पायरी: समुद्रावर न्या, स्टॉपवॉच द्या

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत लॅपटॉप नाही. जेटीवर न्यायचं. कोकणात रत्नागिरी, मालवण, हर्णै, कुठेही चालेल, गोव्यात तर सोपंच आहे. एखादा खांब किंवा नांगरलेली होडी निवडायची आणि लाटेचे माथे मोजायचे. पहिला माथा गेला की स्टॉपवॉच सुरू, अकरावा गेला की बंद, आलेल्या वेळेला दहाने भागा, झाला सरासरी काल, म्हणजे एका लाटेला लागणारा वेळ. असं निदान दहा वेळा करायचं, कारण प्रत्येक वेळी आकडा वेगळा येतो आणि तो का वेगळा येतो हीच खरी पहिली शिकवण. उंचीचा अंदाज खांबावरच्या खुणांवरून. सरावलेल्या माणसाचा डोळ्याचा अंदाज साधारण 'सिग्निफिकंट वेव्ह हाइट'च्या जवळ जातो, म्हणजे सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी उंची. ही व्याख्या पुस्तकात वाचून डोक्यात राहत नाही, जेटीवर एक तास उभं राहिलं की राहते.

मग तो आकडा हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राच्या त्या दिवसाच्या समुद्र-अंदाजाशी ताडून बघायचा. जुळला नाही तर आनंदच आहे, कारण मग पोरं विचारायला लागतात, की अंदाज खोल समुद्रातला होता का, आपण बंधाऱ्याच्या आडोशाला उभे होतो का, आपण वाऱ्याने उठलेली आखूड खळबळ मोजली की लांबून आलेली संथ लाट. हा शेवटचा फरक फार महत्त्वाचा आहे. आपल्या किनाऱ्यावर वारा अजिबात नसतानाही लांब लाट येते ती बऱ्याचदा हिंदी महासागराच्या पार दक्षिणेकडच्या वादळातून निघालेली असते आणि काही दिवसांचा प्रवास करून पोचते. केरळात अशीच लाट कधी कधी अचानक किनाऱ्यावर चढते, तिथले लोक तिला 'कल्लक्कडल' म्हणतात, म्हणजे चोरासारखा आलेला समुद्र.

तिथल्या मच्छीमारांशी बोलायला लावा, आणि नुसतं बोलायला नाही, वहीत लिहायला लावा. कुठल्या महिन्यात नांगर धरत नाही, जाळ्याचे बोये कुठे तुटतात, दोऱ्यावर किती दिवसांत शेवाळ आणि कालवं चढतात. तांडेलाला जे तीस वर्षांत कळलंय ते तुमच्या यंत्राच्या मूरिंगला, म्हणजे ते जागेवर धरून ठेवणाऱ्या नांगर-दोरखंडाला, पहिल्या पावसाळ्यातच कळणार आहे. आपल्या किनाऱ्यावर साधारण जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, त्या काळात लोकांना बोलायला जरा वेळही असतो. एक गोष्ट मात्र सक्तीची, पावसाळ्यात खडकांवर किंवा बंधाऱ्याच्या टोकाला कोणी जायचं नाही, आणि एकट्याने तर कधीच नाही. मोजणी सुरक्षित जागेवरून होत नसेल तर त्या दिवशी मोजणी नाही.

दुसरी पायरी: कागदावरचं गणित

आता वही आणि कॅल्क्युलेटर. खोल पाण्यातल्या खऱ्या, अनियमित समुद्रात लाटेच्या एक मीटर रुंदीतून किती किलोवॅट वाहतात त्याचं ढोबळ सूत्र असं: ०.४९ गुणिले उंचीचा वर्ग गुणिले काल. उंची सिग्निफिकंट, मीटरमध्ये, आणि काल म्हणजे एनर्जी पिरियड, लाटांची ऊर्जा धरून काढलेला सरासरी काल, सेकंदात. एक मीटर उंची आणि सात सेकंद काल धरला तर साधारण ३.४ किलोवॅट. पावसाळ्यात तीन मीटर आणि नऊ सेकंद धरले तर जवळजवळ ४० किलोवॅट. उंची तिप्पट झाली पण शक्ती बारापट झाली. हा एक गुणाकार पोराने स्वतः केला की त्याला आपल्या किनाऱ्याची सगळी अडचण एका ओळीत समजते, वर्षातले बरेच महिने यंत्र उपाशी आणि चार महिने त्याला झेपणार नाही इतकं ताट. स्कॉटलंड-आयर्लंडच्या पश्चिमेला वर्षाची सरासरीच मीटरला ६० किलोवॅटच्या आसपास जाते, त्यामुळे तिकडचं यंत्र उचलून इकडे लावलं की झालं असं होत नाही. आपल्याला आपल्या लाटेचं यंत्र लागेल, आणि ते आपल्याच पोरांना करावं लागेल.

लाटेची लांबी खोल पाण्यात १.५६ गुणिले कालाचा वर्ग. आठ सेकंदाची लाट म्हणजे साधारण १०० मीटर लांब. वर-खाली हलणारा गोल बोया तत्त्वतः जास्तीत जास्त किती रुंदीतली ऊर्जा घेऊ शकतो? लाटेच्या लांबीला दोन पायने (२π, म्हणजे सुमारे ६.२८ने) भागा, आले सुमारे १६ मीटर, आणि या मर्यादेत बोयाची स्वतःची रुंदी कुठे येतच नाही. पोरांना हे पटत नाही, पाच मीटरचा बोया सोळा मीटरमधलं कसं घेईल? इथे घाई करू नका, बादलीत चेंडू बुडवून हलवून दाखवा. हलणारा चेंडू स्वतः लाट तयार करतो, आणि ती लाट येणाऱ्या लाटेला मागच्या बाजूला खोडून काढते तेव्हाच ऊर्जा शोषली जाते. ज्याला चांगली लाट उठवता येत नाही त्याला चांगली लाट पिता येत नाही. प्रत्यक्षात यंत्रं या मर्यादेच्या बरीच खाली राहतात, ती का राहतात हे पुढच्या वर्षभराचं काम.

आता तिसरं गणित, माझं आवडतं. पाच मीटर व्यासाचं, पाच मीटर बुडालेलं सरळ सिलिंडर पाण्यात दाबून सोडलं तर किती सेकंदात वर-खाली होईल? नुसतं बुडालेल्या खोलीवरून काढलं तर साडेचार सेकंद. त्याच्याबरोबर हलणारं पाणी, म्हणजे ॲडेड मास, धरला तर पाचच्या आसपास. आणि समुद्राची लाट आहे आठ-दहा सेकंदांची. म्हणजे बोया स्वभावाने चपळ आणि समुद्र संथ, दोघांचा ताल जुळत नाही, आणि ताल जुळल्याशिवाय शोषण नाही. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या कजेल बुडाल आणि योहानेस फाल्नेस यांनी सत्तरच्या दशकात बोया योग्य क्षणी धरून ठेवायचा आणि योग्य क्षणी सोडायचा ही युक्ती काढली ती याच अडचणीतून. हे गणित झालं की बरीच पोरं आपणहून येऊन विचारतात, मॅडम ते माझं चित्र द्या ना जरा, बघतो. तेव्हा द्यायचं.

तिसरी पायरी: डेटा

इथे मुलं पटापट शिकतात म्हणून थोडक्यात. युरोपियन हवामान-अंदाज केंद्राचा ईआरए५ हा डेटा फुकट मिळतो, १९४० पासून तासातासाचा, पण लाटांसाठी त्याची जाळी अर्ध्या अंशाची आहे, म्हणजे आपल्याकडे सुमारे ५५ किलोमीटरला एक ठिपका. किनाऱ्याजवळचं बेट, भूशिर, उथळ पाणी त्याला दिसत नाही. म्हणून तो खोल समुद्रातला आकडा स्वॉन या नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठाच्या मॉडेलने किनाऱ्यापर्यंत आणायचा आणि प्रत्यक्ष बोयाच्या मोजणीशी ताडायचा. इन्कॉइसचे आणि दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक अशी मोजणी वर्षानुवर्षं करत आलेत, रत्नागिरीजवळसुद्धा झालीये, त्यांचे पेपर वाचायला लावा. शेवटी उंची आणि काल यांचा एक चौकटींचा तक्ता बनवायचा, कुठल्या चौकटीत वर्षाचे किती तास, आणि त्याच्या शेजारी दुसरा, कुठल्या चौकटीत वर्षाची किती ऊर्जा. हे दोन तक्ते एकमेकांसारखे दिसत नाहीत. ते शेजारी शेजारी टेबलावर चिकटवून ठेवा, पुढचा प्रत्येक निर्णय त्याकडे बघून घ्यायचा.

चौथी पायरी: कॉम्प्युटर मॉडेल, पण आधी गोळा

कुठलंही सॉफ्टवेअर हातात आलं की पहिला मोह आपलं यंत्र त्यात घालायचा होतो. घालू देऊ नका. आधी गोळा किंवा सिलिंडर, ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे. फ्रान्समधल्या नांतच्या एकोल सेंट्राल या संस्थेचं निमो मोफत आहे, पायथॉन येत असेल तर त्याच घराण्यातलं कॅपिटेन घ्या. तिथून लाटेचा जोर, ॲडेड मास, रेडिएशन डँपिंग (हलताना बोया स्वतः उठवतो त्या लाटांमुळे होणारा अडथळा) हे आकडे निघतात, ते पुढे वेक-सिममध्ये घालून वेळेनुसार हालचाल बघता येते. वेक-सिम अमेरिकेच्या दोन सरकारी लॅबनी मिळून बनवलंय आणि मोफत आहे, पण त्याला मॅटलॅब लागतं, ते कॉलेजात आहे का ते आधी बघा.

मी पोरांकडून चार तपासण्या करून घेते आणि त्या झाल्याशिवाय पुढचा ग्राफ बघतच नाही. एक, सॉफ्टवेअरने दिलेलं वजन आणि तरंगण्याचा ताठरपणा हाताने काढलेल्याशी जुळतो का. दोन, जाळी दुप्पट बारीक केली की उत्तर किती हलतं. तीन, लाटेचा जोर हॅस्किंडच्या संबंधाने, म्हणजे बोया किती लाट उठवतो त्यावरून, दुसऱ्या वाटेने काढला तर तोच येतो का. चार, शोषलेली शक्ती मघाच्या त्या लाटेची लांबी भागिले दोन पाय मर्यादेच्या वर जाते का. चौथी तपासणी फार पोरांना वाचवते. रेझोनन्सपाशी, म्हणजे बोयाचा आणि लाटेचा ताल जुळतो तिथे, मॉडेल अशक्य आकडे देतं, बोया पाण्याबाहेर उडी मारेल इतकी हालचाल दाखवतं, कारण रेषीय गणिताला बोयाची उंची किती ते माहीतच नसतं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या ओशन एनर्जी गटाने जगभरातल्या मॉडेलवाल्यांना एकत्र बसवून तुलना केली तेव्हा त्यांनीही सुरुवात एका साध्या तरंगणाऱ्या गोळ्यापासूनच केली. मोठे लोक गोळ्यापासून सुरू करतात तर आपण का नको?

ओपनफोमसारखी रंगीत चित्रं देणारी सॉफ्टवेअर पहिल्या वर्षी लागत नाहीत. नंतर लाट फुटते कशी, बोयावर आदळते कशी हे बघायला त्यांना पर्याय नाही, पण त्यात सहा महिने सहज जातात आणि हाताला अंदाज येत नाही.

पाचवी पायरी: टँक. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

संशोधक टँकपाशी, म्हणजे मुद्दाम लाटा उठवता येतात त्या पाण्याच्या हौदापाशी, घडतो असं मला वाटतं, म्हणून हा भाग लांब आहे.

आधी स्केल. २५ पटीने छोटं मॉडेल घेतलं तर लांबी २५ पट कमी, वेळ पाचपट कमी, बल १५,६२५ पट कमी आणि शक्ती ७८,१२५ पट कमी. म्हणजे अडीच मीटरची दहा सेकंदांची लाट टँकमध्ये दहा सेंटिमीटर आणि दोन सेकंदांची होते, अर्ध्या तासाचा समुद्र सहा मिनिटांत उरकतो, आणि १०० किलोवॅटचं यंत्र उरतं सव्वा वॅटचं. सव्वा वॅट! एका बेअरिंगचं घर्षण, सेन्सरच्या वायरचा ताण, एवढ्यातच तो खाऊन टाकला जातो. म्हणून मॉडेलमध्ये खरा जनरेटर लावायचा हट्ट करू नका, माहीत असलेला डँपर, म्हणजे हालचालीला ठरावीक विरोध करणारा भाग, लावा आणि बल गुणिले वेग मोजा. घर्षण वेगळं मोजून लिहून ठेवा. टँकचं पाणी गोडं असतं, समुद्राचं खारं, घनतेत अडीच टक्क्यांचा फरक पडतो, तोही हिशोबात घ्या.

हवेच्या खोलीवाल्या यंत्राचं, म्हणजे खोलीतलं पाणी वर-खाली होऊन हवा ढकलतं त्या ऑसिलेटिंग वॉटर कॉलमचं मॉडेल असेल तर आणखी एक सापळा आहे. पाणी स्केलने लहान होतं पण हवेचा दाबला जाण्याचा गुण लहान होत नाही, वातावरणाचा दाब टँकमध्येही तोच असतो. त्यामुळे हवेचं घनफळ लांबीच्या घनाने नाही तर वर्गाने कमी करावं लागतं, २५ च्या स्केलला म्हणजे मॉडेलच्या खोलीला २५ पट जास्त हवेची जागा नळीने जोडावी लागते. हे न करता छापलेले निकाल अजूनही दिसतात, आणि त्यातली कार्यक्षमता खऱ्या यंत्राला मिळत नाही.

टेस्टचा क्रम मी असा ठेवते आणि तो मोडू देत नाही. प्रोब (लाटेची उंची मोजणारे) आणि लोड सेल (बल मोजणारे) यांचं कॅलिब्रेशन. मग मॉडेल न ठेवता रिकाम्या टँकमध्ये प्रत्येक लाट मोजायची, कारण मशीनला सांगितलेली लाट आणि प्रत्यक्ष आलेली लाट एक नसते. मग मॉडेल ठेवून, दाबून सोडून, आपोआप थांबेपर्यंत मोजणी, त्यावरून नैसर्गिक काल आणि डँपिंग, हा आकडा चौथ्या पायरीतल्या आकड्याशी लगेच तिथेच ताडायचा. मग छोट्या नियमित लाटा, मग डँपर कमी-जास्त करून, मग अनियमित समुद्र, मग मोठ्या लाटा, आणि शेवटी अगदी पहिली टेस्ट परत एकदा. ती परत केलेली टेस्ट पहिल्यासारखी आली नाही तर मधे काहीतरी बदललंय, स्क्रू सैल झालाय किंवा मॉडेलमध्ये पाणी शिरलंय, आणि ते आजच कळतं, सहा महिन्यांनी थिसिस लिहिताना नाही. दोन रनच्या मधे पाणी शांत व्हायला वेळ द्या, किती वेळ ते घड्याळ लावून एकदा ठरवा. घाईत असलेलं पोर इथेच चुकतं.

माझा स्वतःचा एक पूर्ण आठवडा असाच गेला होता. थंडीचे दिवस होते, सकाळी लवकर प्रोब कॅलिब्रेट केले आणि संध्याकाळपर्यंत त्याच आकड्यावर रन घेत राहिले. तारेचे प्रोब पाण्याच्या विद्युतवाहकतेवर चालतात आणि पाणी तापलं की ती बदलते, मला पुस्तकातून माहीत होतं पण हाताला माहीत नव्हतं. शुक्रवारी लक्षात आलं की दुपारच्या सगळ्या लाटा कागदावर सकाळपेक्षा मोठ्या दिसताहेत. टँकचं बुकिंग संपलेलं, परत मिळायला तीन महिने. तेव्हापासून सकाळ, दुपार, संध्याकाळ कॅलिब्रेशन, आणि पाण्याचं तापमान प्रत्येक रनच्या ओळीत. हे मी प्रत्येक नव्या मुलाला सांगते, आणि तरी पहिल्या आठवड्यात त्याच्या शेजारी उभी राहते, कारण सांगून कळत नाही हे मला स्वतःवरून कळलंय.

टँक कुठे? पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ पासूनचं, बंदरांच्या आणि किनाऱ्याच्या मॉडेलवर तिथे पिढ्यान्‌पिढ्या काम झालंय, आपल्याकडच्या पोराने ते एकदा तरी जाऊन बघायलाच हवं. आयआयटी मद्रासच्या ओशन इंजिनिअरिंग विभागात फ्लूम (लाटांचे लांब अरुंद चॅनेल) आणि बेसिन (रुंद हौद) आहेत. पण हे मिळेपर्यंत थांबू नका. कॉलेजच्या हायड्रॉलिक्स लॅबमधल्या काचेच्या चॅनेलला एका टोकाला मोटरने हलणारी फळी लावा, दुसऱ्या टोकाला खडी आणि स्पंजचा उतार, म्हणजे लाट परत येणार नाही. मोबाइलचा स्लो मोशन व्हिडिओ आणि मॉडेलवर एक ठळक ठिपका, एवढ्यात हालचाल मोजता येते. अशा घरगुती फ्लूमवर महिनाभर काम केलेलं पोर मोठ्या टँकमध्ये पहिल्या दिवसापासून शहाण्यासारखं वागतं, आणि टँकचा प्रत्येक दिवस महाग असतो.

वही कागदी ठेवा. रन नंबर, वेळ, तापमान, डँपरची सेटिंग, कोण हजर होतं, आणि काय विचित्र दिसलं. सगळ्यात मोलाचा कॉलम हा शेवटचा.

सहावी पायरी: वीज आणि तिची लहर

टर्बाइन-जनरेटरचा भाग मी इलेक्ट्रिकलच्या सहकाऱ्याकडे सोपवते, पण एक गोष्ट सगळ्यांना कळायला हवी. लाटेची शक्ती दर लाटेला दोनदा शून्यावर येते आणि मधे सरासरीच्या कितीतरी पट उसळते, म्हणजे मशीन घ्यायचं शिखराच्या मापाचं आणि पैसे मिळणार सरासरीचे. बेलफास्टच्या ॲलन वेल्स यांचं टर्बाइन इथे शिकवायला उत्तम, हवा आत जावो की बाहेर येवो ते एकाच दिशेने फिरतं, कारण पाती दोन्ही बाजूंनी सारखी. थ्रीडी प्रिंट करून ब्लोअरवर फिरवून दाखवा. हवा जास्त जोरात आली की ते स्टॉल होतं, म्हणजे हवा पातीला धरून वाहत नाही, आणि ताकद एकदम पडते, हेही दाखवा.

सातवी पायरी: मेलेल्या यंत्रांचा अभ्यास

प्रत्येक मुलाला एक यंत्र वाटून द्यायचं आणि महिनाभरात त्याची पूर्ण कहाणी मांडायला लावायची, कुठे लावलं, का लावलं, काय झालं, तू असतास तर कुठली टेस्ट आधी केली असतीस. नॉर्वेतलं टॉफ्टेस्टालेन, १९८५ ला उभं राहिलं आणि १९८८ च्या वादळात उखडलं गेलं. स्कॉटलंडचं ऑस्प्रे, १९९५ मध्ये समुद्रात बसवतानाच गेलं. अझोर्समधलं पिको, ४०० किलोवॅटचं, कित्येक तरुण संशोधक तिथे जाऊन शिकले, आणि २०१८ मध्ये त्याचा काही भाग कोसळला. त्याच्याच शेजारी टिकलेलं एक उदाहरण ठेवा, स्पेनच्या बास्क किनाऱ्यावरचं मुत्रिकू, २०११ पासूनचं, १६ खोल्या आणि मिळून २९६ किलोवॅट. बंदराच्या भिंतीतच बांधलेलं, त्यामुळे दुरुस्तीला चालत जाता येतं. चालत जाता येणं हा किती मोठा गुण आहे ते बोटीतून पाना घेऊन गेलेल्या माणसाला विचारा.

आणि आपलं विळिंजम. तिरुवनंतपुरमजवळच्या मासेमारी बंदराच्या ब्रेकवॉटरला लावलेली काँक्रीटची खोली, १५० किलोवॅट, १९९१, आयआयटी मद्रासच्या लोकांनी केलेली. जगात मोजकेच लोक असं काही करत होते तेव्हा भारतात ते उभं राहिलं होतं. आपल्या बऱ्याच मुलांनी नावही ऐकलेलं नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं. त्यानंतर २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आयआयटी मद्रासचंच सिंधुजा-१ तुतिकोरिनच्या किनाऱ्यापासून सहा किलोमीटरवर उतरलं, १०० वॅटचं. आकडा छोटा वाटेल, पण समुद्रात नेलेले १०० वॅट कागदावरच्या मेगावॅटपेक्षा जास्त शिकवतात.

या पायरीतच गंज, शेवाळ, मूरिंगची झीज, केबल, सीआरझेड (किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम) आणि परवानग्या येतात. परवानग्यांची यादी मुलांनाच करायला लावा, आणि त्यात गावची मच्छीमार सोसायटी पहिल्या पानावर हवी. आपण त्यांच्या अंगणात यंत्र ठेवणार आहोत.

आठवी पायरी: माणसं, लिखाण आणि पुढची नोकरी

दुसरा गाईड दुसऱ्या विषयाचा घ्या. वर्षातून निदान सहा-आठ आठवडे पोराला दुसऱ्या लॅबमध्ये पाठवा, चेन्नईची एनआयओटी (राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था) असो, गोवा असो, जमलं तर परदेश. समुद्रातल्या ऊर्जेवर काम करणाऱ्या तरुण संशोधकांचं आयनोर नावाचं आंतरराष्ट्रीय नेटवर्क आहे, तिथे नाव नोंदवायला सांगा, एकट्या पडलेल्या मुलाला समवयस्क भेटतात. युरोपियन वेव्ह अँड टायडल एनर्जी कॉन्फरन्स दर दोन वर्षांनी होते, पहिला पेपर तिथे पाठवायचं ध्येय ठेवायला हरकत नाही. आणि पेपरमध्ये फसलेल्या रनलाही जागा द्या. काय चाललं नाही आणि का, हे लिहिलं नाही तर पुढचं पोर त्याच खड्ड्यात पडतं, या क्षेत्रात त्याच त्याच खड्ड्यांत माणसं पन्नास वर्षं पुन्हा पुन्हा पडलीत.

नोकरीबद्दल खोटं बोलू नका. या धंद्यातल्या कंपन्या बंद पडतात, फंडिंग थांबतं, आणि आई-बाबा फोनवर विचारतात की हे करून पुढे काय. मी पालकांशीही बोलते. सांगते की लाट, मूरिंग, टँक टेस्टिंग, नियंत्रण हे शिकलेल्या माणसाला ऑफशोर पवनऊर्जा, बंदरं, जहाजबांधणी, किनारा संरक्षण या सगळीकडे काम आहे. आणि ज्याला लाटांतच राहायचंय त्याला राहता यावं म्हणून निदान आपल्या लॅबमध्ये फेलोशिपचे पैसे वेळेवर निघतील, एवढं आपण बघायचं. दोन-दोन महिने पैसे रखडले की हुशार पोर आयटीत जातं, आणि तीन वर्षांची शिकवणी त्याच्याबरोबर जाते.

बाराव्या महिन्यात परीक्षा म्हणजे पॉवरपॉइंट नाही. नवीन आलेल्या ज्युनिअरला घेऊन त्याने टँकवर एक पूर्ण दिवस चालवायचा, कॅलिब्रेशनपासून परत केलेल्या पहिल्या टेस्टपर्यंत, आणि मी मागे खुर्चीत गप्प बसायचं. संध्याकाळी दोघांनी मिळून प्रोब गोड्या पाण्याने धुवायचे, पुसायचे, डब्यावर नंबर आणि तारीख लिहायची, वहीत दोघांच्या सह्या, आणि लॅबची दुसरी चावी त्या दिवसापासून ज्युनिअरकडे.